नाल्याच्या वळणावरचा हॉर्न

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरचं माणूस आलं की शेतकऱ्यांच्या मरणाबद्दलच विचारायचं. कापसाचे भाव बसले होते, आणि यवतमाळ म्हटलं की समोरचा आवाज उतरवून बोलायला लागायचा, जसं काही मी सुतकातच आहे. कॅमेरे घेऊन गाड्या यायच्या, एखाद्या घरातल्या बाईला उंबऱ्यात बसवायच्या, ती रडली की निघून जायच्या. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रत्येकाला एक छोटा प्रबंध लिहायचा होता आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनी तोच विषय उचलला होता. मी जात्याच उलट्या डोक्याची. मॅडमना म्हटलं, "मला चोऱ्यांवर लिहायचंय. खेड्यात चोरी झाली की पोलीस ती शोधतात कशी, ते बघायचंय."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "वडील काय म्हणतील?"

"ते वकील आहेत मॅडम. आमचं घर चोरांवरच चालतं."

मॅडमना हसू आवरेना आणि विषय पास झाला. घरी मात्र कोणी हसलं नाही. दिग्रसचं आमचं घर म्हणजे कारकून, मास्तर आणि वकील, दुसरं काही पिकतच नाही. बाबा कोर्टात रोज पोलिसांशी बोलायचे, पण त्यांची पोरगी ठाण्यात जाऊन बसणार म्हटल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. "लोकं काय म्हणतीन? वकिलाची पोरगी ठाण्यात काहून बसून राह्यली?" मी पण त्यांचीच पोरगी. तीन दिवस अबोला धरला. शेवटी बाबांनीच तोड काढली. त्यांची स्कूटर ज्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला जायची, त्याचा थोरला भाऊ नेरच्या पलीकडच्या एका ठाण्यात गाडी चालवायला होता. हवालदार, पण सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. चाचांनी बाबांना शब्द दिला की पोरगी माझ्या नजरेखाली राहील, आणि मी नेरला मावशीकडे मुक्काम ठोकला. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. चाचा आता नोकरीतून मोकळे झालेत, तरीपण नाही.

ठाणं म्हणजे लिंबाच्या झाडाखालची कौलारू इमारत आणि एक जुनी जीप. पहिले काही दिवस मी नुसती बाकावर बसून पाहत होते. लोकांनी भावाची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवला होता. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि माणसं ओसरीत झोपलेली. मग कुणाचा कापूस जायचा, कुणाची विहिरीवरची मोटर जायची. माणूस तक्रार घेऊन यायचा. ठाणेदार साहेब ऐकून घ्यायचे, आळस द्यायचे आणि चाचांना म्हणायचे, "काढा गाडी. बेड्यावर जाऊ."

बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. चोरी उत्तरेच्या गावात होवो की दक्षिणेच्या, गाडी तिथंच जायची. इंग्रजांनी कधीकाळी कायदा करून या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा रद्द झाला हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण आमच्या ठाण्याच्या जीपला ते कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

पहिल्यांदा मी त्या जीपमध्ये बसले तेव्हा मनात भीतीच होती. आता मारझोड पाहावी लागणार, आरडाओरडा होणार. साहेब पुढं बसून पेंगत होते, मागं दोन शिपाई आणि कोपऱ्यात मी. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या छातीइतकी वाढलेली, बोंडं फुटून सगळं रान पांढरं. बेड्याच्या अलीकडं एक नाला लागतो. तिथं रस्ता वळतो. वळणावर चाचांनी हॉर्न दिला. चांगला लांबलचक, दोनदा.

"काहून वाजवला चाचा? रस्त्यात तर कुत्रंही नाही."

"मोड है बेटी. ढोरं येतात आडवी."

ढोरं कुठंच नव्हती. 

आणि बेड्यावर पोचलो तर माय माय! काय सांगू! माणूस नाही. चुली पेटलेल्या होत्या, एका चुलीवर भाकर फुगत होती. झाडाला लुगड्याचा पाळणा बांधलेला, तो रिकामा आणि अजून हलत होता. बाजेवर कुणाचा तरी कंगवा पडला होता, त्यात केस अडकलेले. आत्ता, या क्षणापर्यंत इथं एक अख्खी वस्ती होती आणि आता वारा सोडून काही नाही. तान्ही लेकरं, म्हातारी माणसं, कुत्रीसुद्धा! मी तोंडाचा आ वासून उभी होते. माणसं पळून जातात हे ठाऊक होतं, पण वस्तीच्या वस्ती अशी जमिनीत मुरते हे मी कधी ऐकलं नव्हतं.

एकच बाई मागं राहिली होती. तिचा एक पाय गुडघ्यापासून वाकडा, पळणं तिच्या नशिबातच नाही. ती चुलीपाशी बसून होती. शिपाई जाऊन समोर उभे राहिले, तिनं मान वर केली नाही.

"कोठी गेले सारे?"

"घरी कोणी नाही साहेब," ती म्हणाली. आवाजात ना भीती ना राग. दुकानदार 'साखर संपली' म्हणतो तसं.

शिपायांनी दोन-चार गाठोडी उलटीपालटी केली, एक मडकं फोडलं. काही सापडलं नाही. साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. आम्ही परत निघालो. नाला ओलांडताना मागं तितर बोलला, तीन-चारदा, अगदी खणखणीत. मला तेव्हा तो तितरच वाटला.

माझ्या डोक्यात किडा शिरला. पोलीस काय करतात ते तर दिसलं, पण तिकडच्या बाजूनं हे कसं दिसतं? म्हणून एक दिवस मी ठाण्यात कुणाला न सांगता पायीच बेड्यावर गेले. मला पाहून कोणी पळालं नाही. झोळीवाली शहरी पोरगी, फार तर जनगणनेची मास्तरीण असेल. त्या वाकड्या पायाच्या बाईनं मला ओळखलं मात्र.

"तू त त्या गाडीत होती."

"तुम्ही तर वर पाह्यलंच नव्हतं," मी म्हटलं.

"चपला पाह्यल्या ना. साऱ्या बुटांत एक चप्पल होती. मी तोंड नाही पाहत कोणाचं. तोंड पाह्यलं की ध्यानात राह्यते, मंग झोप नाही येत."

तिनं मला बिनदुधाचा चहा दिला. तिची मुलगी तिथंच होती, सडसडीत, काळीसावळी, नजर उचलून बोलणारी. आश्रमशाळेत शिकली होती आणि तेव्हा नेरच्या कॉलेजात होती. माझ्या प्रश्नांना ती प्रश्नांनीच उत्तरं द्यायची. मी विचारलं, तुमच्याकडे पोलीस वर्षातून किती वेळा येतात? ती म्हणाली, तुमच्याकडे किती वेळा येतात? आमच्याकडे तर बाबांच्या पाया पडायला दिवाळीला येतात, हे मी तिला सांगणार होते तेवढ्यात हॉर्न वाजला.

लांबलचक, दोनदा. नाल्याच्या वळणावरून.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी कुणाला हाक मारली नाही. भाकर थापणारीनं पीठ खाली ठेवलं, एकीनं पाळण्यातलं लेकरू उचललं, म्हाताऱ्यानं तोंडातली बिडी विझवून कानाला लावली, आणि सगळे निघाले. धक्काबुक्की नाही, गोंधळ नाही. प्रत्येकाचं पऱ्हाटीतलं तास, दोन ओळींमधली वाट, ठरलेलं असावं असं वाटलं. पोरीनं माझं मनगट धरलं आणि मीसुद्धा पळाले! वकिलाची पोरगी, भारतीय दंड संहिता पाठ केलेली, पोलिसांच्या भीतीनं दुसऱ्याच्या वावरात ओढणी फाडून घेत धावत होते. का धावतेय हे विचारायलाही दम उरला नव्हता. ती पोरगी मला ओढत होती आणि तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही, देव जाणे. एकाही झाडाची फांदी हलत नव्हती तिच्या धावण्यानं. मी मात्र रानडुकरासारखी सगळं मोडत चालले होते.

पऱ्हाटीत वळसा घेऊन बेड्यासमोरच्या कडेला आम्ही पोटावर पडलो. तोंडात माती, गळ्यात कापूस. तिकडून शिपायाची शिट्टी वाजली, मग आवाज आला, "कोठी गेले सारे?" आणि त्या बाईचं तेच, "घरी कोणी नाही साहेब."

त्या पोरीनं मला कानात सांगितलं, "मले पोलीस व्हायचं हाये."

मला वाटलं, भीतीनं हिचं डोकं फिरलं. मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहतच नव्हती. फांद्यांमधून शिपायाच्या बुटांकडं पाहत होती, टपरीवरच्या काचेच्या बरणीकडं लेकरू पाहते तसं. "भरती निघणार हाये. मी फॉर्म भरला. मायले सांगजो नको."

गाडी गेली. मग तितर बोलला, आणि यावेळी मी तितराला डोळ्यांनी पाहिलं. चुलीपाशी बसलेली ती बाई, दोन्ही हात तोंडाशी धरून. या लोकांचा मूळचा धंदाच फासे लावून तितर धरण्याचा, आवाज काढून पाखराला बोलवायचा. शिकार बंद झाली, आवाज उरला. तो आवाज म्हणजे 'गेले, या आता.' पऱ्हाटीतून एकेक डोकं वर यायला लागलं. इथून एक, तिथून दोन, पार धुऱ्यापाशी, वावराच्या बांधावर, एक म्हातारा कानावरची बिडी काढत उठला. पांढऱ्या रानातून माणसं उगवत होती. खरं सांगते, आजवर मी देवळात कधी हात मनापासून जोडले नाहीत, पण त्या दिवशी जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना लिंबाखाली गाठलं. "चाचा, नाल्यावर ढोरं येत नाहीत."

चाचा गाडी पुसत होते. हात थांबला नाही. "आती हैं बेटी."

"मी काल बेड्यावर होते."

आता हात थांबला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "सुन. पहिले मी हॉर्न नव्हतो देत. मंग गाडी पोचायची, लोकं सापडायची, अन् सापडलं की मार. गुनाह केला की नाही, ते कोण पाहते? एकदा ती बाई सापडली. पायाचं पाह्यलंच असशील." ते फडका पिळत राहिले. "गाडी मीच चालवत होतो ना. मंग मले आदत लागली. मोड पे हॉर्न देना, ये तो कायदा है. लायसन देताना सांगतात."

 एवढी जाडी पुस्तकं वाचली, त्यात वाहतुकीचा नियम असा पाळलेला कुठं वाचला नव्हता. हा माणूस वर्षानुवर्षं दर खेपेला त्या वळणावर आपली नोकरी हॉर्नवर ठेवत होता. प्रबंधात मी सगळं लिहिलं, हॉर्न लिहिला नाही.

त्या पोरीच्या मायला कळायचं ते कळलंच. कारण पोरगी पहाटे उठून पांदणीनं, दोन वावरांमधल्या वाटेनं, पळायला लागली आणि बेड्यात कोणी विनाकारण पळत नाही. तिला पळताना पाहून पहिल्या दिवशी अर्धी वस्ती तिच्या मागं पळाली. माय संतापली. मी तिथं होते. "पोलीस व्हतो म्हणते! अवो, घरात पोलीस ठेवून कोणाले झोप लागन काय? तुह्या बापानं कोठी जावं मंग?"

"बापानं घरीच राहावं म्हणून त व्हतो," पोरगी म्हणाली.

मायनं हातातली फुंकणी आपटली. त्यानंतर ती लेकीशी बोलेना. पण पहाटे पांदणीत जाताना पोरीच्या ओढणीत भाकरीचा तुकडा बांधलेला असायचा, तो काही आपोआप बांधला जात नव्हता.

भरतीच्या दिवशी मी तिच्यासोबत यवतमाळला गेले. मैदानावर गावोगावच्या पोरी, छातीवर नंबर लावलेले, कुणी अनवाणी, कुणी भावाचे बूट घालून. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभी.  तिला मी दहादा बजावलं होतं, घाबरू नको, पोलीस चांगले असतात. पोलीस चांगले असतात म्हणे! मलाच पटत नव्हतं.

शिट्टी वाजली आणि ती सुटली. बापा रे बापा! मी तिला पऱ्हाटीत पळताना पाहिलं होतं, उघड्या मैदानात पाहिलं नव्हतं. बाकीच्या पोरी हातपाय झाडत धावत होत्या. ही नुसती पुढं जात होती, वाऱ्यानं कापसाचा पुंजका न्यावा तशी. कुंपणापाशी चहावाला होता, तो किटली खाली ठेवून उभा राहिला. दुसऱ्या फेरीत लोक टाळ्या वाजवायला लागले. मी काय ओरडत होते मलाच ठाऊक नाही. शेवटच्या रेषेवर ती सगळ्यांच्या कितीतरी पुढं होती, घड्याळ धरलेल्या शिपायानं बटण दाबलं, आणि थांबण्यासाठी शिट्टी वाजवली.

आणि ती थांबलीच नाही.

शिट्टी ऐकली आणि तिचा वेग वाढला. रेषेवरचा शिपाई "थांब, थांब" करत तिच्या मागं धावला. झालं! मागं पोलीस, हातात शिट्टी. ती मैदानाच्या उघड्या फाटकातून बाहेर, रस्त्यावरून पलीकडं, आणि एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागं गडप. मैदानावर एकदम हशा पिकला. मला हसू आलं नाही. नंबर लगेच हातात दिला नाही की बाद, हे सकाळीच माईकवरून सांगितलं होतं.

मी धावले. भिंतीमागं सरकीच्या ढिगाआड ती उकिडवी बसली होती, नंबर छातीशी घट्ट धरून. मला पाहून तिला भान आलं. "मी कोठी आली व?" तिनं विचारलं. मग तिचं तिलाच कळलं आणि ती रडायला लागली. "संपलं ताई. पायानंच घात केला."

"संपलं काय, चल!" मी तिला बखोटीला धरून उठवलं. मला तिच्यावर नाही, सगळ्या जगावर राग आला होता.

मैदानावर एक पोलीसबाई होत्या, खांद्यावर तारे, चेहरा दगडी. रेषेवरचा शिपाई त्यांना सांगत होता की ही पळून गेली, बाद करा. बाईंनी पोरीला समोर उभं केलं. मी मधे बोलायला गेले तर त्यांनी नुसतं बोट वर केलं आणि मी गप्प. मी! गप्प!

"रेषा दिसली नाही?"

"दिसली साहेब."

"मग पळालीस काहून?"

पोरगी खाली पाहत होती. मग तिनं मान वर केली. "शिट्टी वाजली अन् मागं पोलीस आले. आमच्या बेड्यावर शिट्टी वाजली की थांबत नसतात साहेब. थांबाची शिट्टी मले कोणी शिकवली नाही."

आजूबाजूचा हशा विरला.  बाई म्हणाल्या, "नोकरीत आलीस की पळणाऱ्याच्या मागं पळायचं असतं. पुढं नाही. समजलं?" आणि हात पुढं केला. "आण तो नंबर."

पोरीनं नंबर दिला. मी कुंपणाला टेकून ढसाढसा रडले. चहावाल्यानं मला फुकट चहा दिला, तोही डोळे पुसत होता.

निवड झाली तरी शेवटची पायरी आमच्याच ठाण्यात होती. वर्तणुकीचा दाखला. म्हणजे ज्यांच्या भीतीनं ती जन्मभर पळाली, त्यांनीच लिहून द्यायचं की ही पोरगी चांगली आहे. ठाणेदार साहेबांनी कागद बाजूला सारला. "बेड्यावरची पोरगी? उद्या बापाले टीप देईल."

"तिच्यावर एक तरी गुन्हा आहे का?" मी म्हटलं. "बापावर तरी आहे का शाबीत?"

"नाही, कारण सापडत नाहीत. पळतात."

"पळतात, कारण तुम्ही येता."

"वकीलीणबाई, तुमच्या परीक्षेत विचारत असतीन हे." साहेब मला हसले आणि पोरीकडं वळले. "सांग. बेड्याच्या बाजूला चोरी झाली. संशय तुह्या बापावर. काय करशील?"

ठाण्यात सगळ्यांचे कान टवकारले. चाचा दारात उभे होते. मला वाटलं, काहीही उत्तर दिलं तरी ही फसली. अटक करीन म्हणाली तर बापाशी बेइमानी, नाही म्हणाली तर कागद गेला.

"बापाले इचारीन," ती म्हणाली. "पहिले इचारीन. केलं असन त हात धरून आणीन इथं. पण पहिले इचारीन साहेब. आजलोक त्याले कोणी इचारलंच नाही, नुसतं गाडीत घातलं."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. पंख्याकडं पाहिलं. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांना या धंद्यात कोणी दुसरा रस्ता दाखवला नव्हता इतकंच. मग त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडं न पाहताच सरकवला. "पळू नको आता. चालत जा," म्हणाले.

ती प्रशिक्षणाला गेली. मायनं निघताना तोंड फिरवलं. मी प्रबंध दिला, पास झाले, बाबांच्या हाताखाली काम शिकायला लागले. कापसाचा पुढचा हंगाम आला, भाव तसेच होते.

ती पहिल्या सुट्टीवर येणार म्हणून तिनं मला कळवलं, मायला कळवलं नाही. तिला एकदम समोर उभं राहायचं होतं. नेरच्या स्टँडवर ती बसमधून उतरली आणि मी ओळखलंच नाही. खाकी, टोपी, चकचकीत काळे बूट. चालणंसुद्धा बदललेलं, टाच आधी टेकत होती. आम्ही रिक्षा पाहत होतो तेवढ्यात ठाण्याची जीप येऊन थांबली. चाचा खाली उतरले, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भर स्टँडात तिला सलाम ठोकला. "चल बेटी, घरी सोडतो. आज गाडी बेड्यावर इज्जतीनं जाईन."

आम्ही तिघंच. चाचांना कोण आनंद झाला होता! बोलत होते, हसत होते, स्टिअरिंगवर ताल धरत होते. पऱ्हाटी पुन्हा पांढरी झाली होती. नाला आला, वळण आलं आणि बोलता बोलता चाचांचा हात आपोआप हॉर्नवर गेला. लांबलचक, दोनदा.

चाचांनी ब्रेक दाबला. "या अल्ला," म्हणाले आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. "मेरा हाथ..."

 आम्ही पोचलो तर बेडा रिकामा. चुली पेटलेल्या. पाळणा हलत होता. पीठ परातीत तसंच. तिचा बाप, चुलते, बहिणी, सगळे तिला पाहायच्या आधीच तिच्यापासून पळाले होते. आणि चुलीपाशी माय, वाकडा पाय लांबवून, मान खाली.

ती उतरली. तिचे बूट वाजत गेले आणि चुलीपुढं थांबले. मी मागं उभी होते. मायनं त्या बुटांकडं पाहिलं. काळे, नवे, धूळही नीट न बसलेले. भाकर उलटवली.

"घरी कोणी नाही साहेब," ती म्हणाली.

चाचांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता ही 'माय' म्हणून हाक मारेल, गळ्यात पडेल. तिनं हाक मारली नाही.  तिनं टोपी काढून काखेत धरली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तितर बोलवला. तीन-चारदा, अगदी खणखणीत.

मायचा हात तव्यावरच थांबला. तो आवाज तिचाच होता, तिनंच शिकवलेला, आणि तो बुटांच्या जागेवरून येत होता. पऱ्हाटीत एक डोकं वर आलं. मग दुसरं. खाकी पाहून परत खाली गेलं. तिनं पुन्हा तितर बोलवला. पुन्हा वर आलं. बाप धुऱ्यापाशी अर्धा उभा, अर्धा वाकलेला, पळावं की यावं ते न कळून तसाच राहिला. ती थांबेचना. शेवटी एकेक करून सगळे उभे राहिले, त्या पांढऱ्या रानात, खाकीसमोर, आणि कोणी पळालं नाही.  माझ्या आयुष्यात मी यापेक्षा मोठं काही पाहिलं नाही.

मायनं पहिल्यांदा मान वर केली. बुटांपासून हळूहळू वर, पट्टा, बटणं, चेहरा.  आणि मग भडकली.

"पोलीस उभा असताना कोणी बोलावते काय व? गेल्यावर बोलवा लागते!"

"पोलीस जात नाही आता माय," ती म्हणाली. "इथंच राह्यते."

मायनं पदरानं डोळे पुसले, भाकर तव्यावरून उतरवली आणि जळली म्हणून कडेला ठेवली. नवा गोळा हातात घेतला.

"त मंग बूट काढ," ती म्हणाली. "चुलीपाशी बूट घालून नाही बसत."